झुडुपाची सावली
शब्बाथशाळेसाठी व घरगुती उपासनेसाठी पाठ

वाचनाचे भाग: शास्ते, अध्याय 9, रोमकरांस पत्र 13: 1 ते 7, मत्तय 26: 47 ते 56.

पाठाचा उद्देश: शस्त्रधारी टोळ्यांविरुद्ध लोक उघडपणे निषेध करितात, तेव्हा साध्या नागरिकाने त्यांत का सामील व्हावे, हे शास्त्राच्या व आपल्या प्रांताच्या इतिहासाच्या आधारे समजून घेणे.

दर वर्षी 17 सप्टेंबरास मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिवस पाळला जातो. त्या निमित्ताने लोणंद येथील आमच्या मंडळीत रझाकारांच्या काळाविषयी बोलणे निघाले असता एका उपदेशकबंधूने आम्हांस विचारले, "पाळकसाहेब, ज्यांनी त्या टोळीविरुद्ध तोंड उघडले त्यांतले कित्येक मारले गेले. शेवटी टोळी मोडली ती फौजेने. मग निषेधाचा उपयोग तो काय?" प्रश्न प्रामाणिक आहे, आणि उत्तर देण्यास अवघडही आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण शास्त्यांच्या पुस्तकातील एका तरुणाकडे जाऊ या.

1. टोळी कशी उभी राहते

गिदोन मरण पावल्यावर त्याचा पुत्र अबीमलेख शखेम नगरात आपल्या आईच्या भाऊबंदांकडे गेला. त्याने न्यायाची गोष्ट काढली नाही, की राज्य कसे चालवीन हेही सांगितले नाही. सत्तर जणांनी राज्य करावे की एकाने, असे विचारून मी तुमच्या हाडामासाचा आहे, हे त्याने त्यांना आठवून दिले. तेवढ्यावर नगरवासी भुलले. त्यांनी बआल-बरीथाच्या देवळातील सत्तर नाणी त्याला काढून दिली, आणि त्या पैशांवर त्याने रिकामटेकडी व उनाड माणसे पदरी ठेविली. त्यांना घेऊन तो बापाच्या घरी गेला आणि आपल्या सत्तर भावांना एकाच धोंड्यावर त्याने मारिले. वाचकहो, हिशेब करून पाहा. सत्तर भाऊ आणि सत्तर नाणी. एका जिवाचे मोल एक नाणे पडले.

येथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, "आपला माणूस" हा शब्द. दुसरी, सार्वजनिक ठेवीतून दिलेला पैसा. तिसरी, काम नसलेले तरुण. या तिन्ही जेथे एकत्र येतात तेथे टोळी उभी राहण्यास वेळ लागत नाही.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात असेच घडले. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संस्थेच्या स्वयंसेवकांस रझाकार म्हणत. लातूरचे वकील कासीम रझवी पुढारी झाल्यावर ते दल बळावले. सरकारने त्यास आवरले नाही, उलट त्याचा आधार घेतला. 1947 व 1948 या दोन वर्षांत मराठवाडा, तेलंगण व कर्नाटक या तिन्ही भागांतील खेड्यांनी लूट, जाळपोळ व खून पाहिले. बीदर जिल्ह्यातील गोरटे गावाचे नाव अजूनही हळहळत घेतले जाते.

2. डोंगरावरून आलेली हाक

अबीमलेखाच्या भावांपैकी धाकटा योथाम लपून राहिल्यामुळे वाचला. शखेमकर अबीमलेखास राजा करीत आहेत हे ऐकून तो गरिज्जीम डोंगराच्या माथ्यावर उभा राहिला व मोठ्याने एक दृष्टान्त सांगू लागला. झाडांना राजा हवा होता. ती जैतुनाकडे गेली. त्याला आपले तेल सोडवेना. अंजिराला आपली गोडी सोडवेना, आणि द्राक्षवेलीला आपला रस. शेवटी झाडे काटेरी झुडुपाकडे गेली. ते लगेच कबूल झाले आणि म्हणाले की माझ्या सावलीस या; न याल तर माझ्यातून अग्नी निघून लबानोनाचे गंधसरूही जाळील.

आमच्या भागातील माळावर वेडी बाभूळ माजलेली सर्वांनी पाहिली आहे. तिच्या सावलीत कोणी शिदोरी सोडीत नाही. झुडुपाने देऊ केलेली सावलीही तशीच होती: सावली थोडी, काटे फार, आणि आत आग.

चांगल्या झाडांनी काही पाप केले असे दिसत नाही. ती केवळ आपापल्या कामात गुंतली होती. परंतु चांगल्यांनी पाठ फिरविली म्हणूनच झुडुपास गादी मिळाली. आपण प्रार्थना करितो, शेत पाहतो, कांदा बाजारात नेतो, मुलांस शाळेत घालतो; ही सर्व कामे चांगली आहेत. तथापि गावात शस्त्र घेतलेली टोळी फिरू लागली असता "माझे काम बरे, मी बरा" असे म्हणणे म्हणजे त्या सभेत झुडुपास मत देणेच होय.

हैदराबादेत पुष्कळांनी आपले तेल व आपली गोडी बाजूस ठेविली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने 1947 मध्ये सत्याग्रह मांडला. विद्यार्थ्यांनी शाळा-कॉलेजे सोडली. शेतकऱ्यांनी शिंदीची झाडे तोडून निजामाच्या अबकारीच्या उत्पन्नास धक्का दिला. वकिलांनी विनायकराव विद्यालंकार यांच्यासह न्यायालयांवर बहिष्कार टाकिला. जेथे टोळीस कायदा लागू नाही तेथे कायद्याचा देखावा करण्यास त्यांचे मन धजेना. सीमेवरील छावण्यांतून काहींनी शस्त्रही धरिले, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु आज आपण पाहतो आहोत ती शस्त्र न धरणाऱ्यांची साक्ष.

3. आपल्याच लोकांस सांगणे

योथाम परक्यांविरुद्ध बोलला नाही. अबीमलेख त्याचाच भाऊ होता. हीच गोष्ट सर्वांत कठीण आहे.

13 ऑगस्ट 1948 रोजी हैदराबादेतील सात मुसलमान गृहस्थांनी आपल्या सह्यांनिशी एक पत्रक काढून रझाकार दल मोडावे अशी मागणी केली. त्यांत बाकर अली मिर्झा होते, तसेच रझाकारांच्या अत्याचारांचा निषेध म्हणून सरकारी नोकरी सोडणारे फरीद मिर्झाही होते. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी ते पत्रक छापिले. त्यांची लेखणी आधीपासूनच रझाकारांविरुद्ध चालत होती. त्याच महिन्यात एके रात्री घरी परत येत असता मारेकऱ्यांनी त्यांस गाठून ठार केले व त्यांच्या हातावरही घाव घातले. ज्या हाताने लिहिले त्या हाताचे भय टोळीस किती वाटत असेल!

13 सप्टेंबरास भारताची फौज संस्थानात शिरली आणि 17 सप्टेंबरास निजामाने शरणागती पत्करली. रझाकार दल संपले, रझवी तुरुंगात गेला. येथे गोष्ट संपती तर बरे झाले असते. परंतु त्यानंतरच्या दिवसांत काल ज्यांस मार बसला होता त्यांच्यातल्याही टोळ्या उठल्या, आणि निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर सूड उगविण्यात आला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्या वर्षाच्या अखेरीस फिरून पाहणी केली. मेलेल्यांचा आकडा 27 ते 40 हजारांच्या दरम्यान असावा असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांची हानी सर्वांत जास्त झाली. योथामाने म्हटले होते की अग्नी दोन्ही बाजूंनी निघेल. तसाच तो निघाला. तरी त्याच समितीस असेही आढळले की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बांधवांस जिवावर उदार होऊन वाचविले. मागावर शेजारी बसणाऱ्यांनी शेजारधर्म सोडिला नाही.

म्हणून निषेधात उतरणाऱ्याने प्रथम आपल्या अंतःकरणास विचारावे: ही टोळी शत्रूची आहे म्हणून मी विरोध करितो, की ती टोळी आहे म्हणून? पहिले कारण असेल तर उद्या आपल्या लोकांची टोळी उठल्यावर आपले तोंड बंद होईल.

4. तलवार कोणाच्या हाती

पौलाने रोमकरांस लिहिताना तलवार अधिकाऱ्याच्या हाती आहे असे सांगितले, आणि तो अधिकारी देवाचा सेवक आहे, हेही सांगितले. सेवकास धनी असतो व धन्यास हिशेब द्यावा लागतो. टोळीस धनी कोठे आहे? ती कोणत्या न्यायाधीशापुढे उभी राहते? अधिकाऱ्याने आपली तलवार उनाडांच्या हाती देणे म्हणजे देवाने दिलेले काम टाकून देणे होय.

आमच्या गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडात नक्षलवाद्यांशी लढण्यासाठी 2005 मध्ये सलवा जुडूम उभे राहिले. आदिवासी तरुणांस विशेष पोलीस अधिकारी नेमून दरमहा 3000 रुपये व हाती बंदूक देण्यात आली. नक्षलवाद्यांची टोळीही त्याच मापाने मोजावी लागेल. तिच्या बंदुकीलाही न्यायाधीश नाही. परंतु एका टोळीवर दुसरी टोळी हे औषध नव्हे. नंदिनी सुंदर, रामचंद्र गुहा व ई. ए. एस. शर्मा या तीन नागरिकांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि 5 जुलै 2011 रोजी न्यायालयाने अशा रीतीने तरुणांस शस्त्रे देणे घटनेविरुद्ध ठरविले. ते 3000 रुपये लोकांच्या खजिन्यातले होते. शखेमच्या देवळातील नाणीही लोकांचीच होती. आपल्या पैशाने केलेल्या पापाविषयी "मला काय त्याचे" असे आपणांस म्हणता येत नाही.

कोणी म्हणेल, आमच्या साताऱ्यातील प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे काय? ते परकीय राज्याविरुद्धचे दिवस होते, आणि त्या काळचा न्याय आज घरात बसून करणे सोपे नाही. एवढे मात्र खरे की 1946 मध्ये लोकांचे सरकार येताच क्रांतिसिंह नाना पाटील उघडपणे लोकांत आले, आणि पुढे मते मागून 1957 मध्ये उत्तर साताऱ्यातून व 1967 मध्ये बीडमधून लोकसभेत गेले. मतपेटी असता बंदुकीचे काम उरत नाही, हा त्यातील धडा आहे.

5. आपण काय करावे

गेथशेमाने बागेत पेत्राने तलवार उपसली, तेव्हा प्रभूने ती म्यानात घालावयास लाविली. आणि त्याच वेळी, रात्री सोटे घेऊन आलेल्या जमावास त्याने तोंडावर जाबही विचारिला. शस्त्र टाकणे आणि सत्य बोलणे ही दोन्ही त्याने एकाच घटकेस केली. आपला निषेधही असाच असावा. आषाढात ज्ञानेश्वरांची पालखी आमच्या लोणंदास मुक्कामास येते. त्या मोठ्या समुदायाच्या हातात टाळ असतात. धाक न घालताही माणसे मोठ्या संख्येने एका वाटेने चालू शकतात, हे आपण डोळ्यांनी पाहतो.

खेड्यातील माणसाने इतके तरी करावे. टोळीस वर्गणी देऊ नये. मुलास तिच्यात धाडू नये, मग ती आपल्या जातीची किंवा आपल्या धर्माची म्हणवीत असली तरीही. तिची हत्यारे घरात ठेवू नयेत. ग्रामसभेत उभे राहून बोलावे, अर्जावर स्वतःचे नाव घालून सही करावी. आणि जिवाच्या भीतीने दारी आलेल्या शेजाऱ्यास, तो कोणीही असो, आत घ्यावे.

आता उपदेशकबंधूच्या प्रश्नाकडे येऊ. योथाम बोलला आणि पळून गेला. अबीमलेखाने पुढे तीन वर्षे सत्ता चालविली. शेवटी त्याच शखेम नगराचा त्याने नाश केला, तेथे मीठ पेरिले, आणि बुरुजात लपलेली सुमारे हजार माणसे जाळिली. मग तेबेस येथे एका स्त्रीने वरून जात्याची तळी टाकिली व त्याचा अंत झाला. योथामाच्या हाकेने टोळी थांबली नाही. परंतु "आम्हांस कोणी सांगितले नव्हते" असे म्हणण्यास शखेमकरांस जागा उरली नाही, आणि "सर्व लोक माझ्या बाजूचे आहेत" असे म्हणण्यास अबीमलेखासही उरली नाही. शोएबुल्ला खान यांच्या लेखणीने हेच केले. साक्ष देणे हे आपले काम आहे. फळ देणे देवाचे.

विचारासाठी प्रश्न

1. अबीमलेखाने शखेमकरांस कोणत्या शब्दांनी वश केले? तसे शब्द आपल्या गावात केव्हा ऐकू येतात?
2. जैतून, अंजीर व द्राक्षवेल यांपैकी आपण कोणासारखे आहोत?
3. आपल्याच लोकांस त्यांची चूक सांगण्याचा प्रसंग आपणांवर आला आहे काय? तेव्हा आपण काय केले?

प्रार्थना: हे प्रभो, भयाच्या दिवशी आमची वाचा बंद होऊ देऊ नको, आणि सूडाच्या दिवशी आमचा हात उठू देऊ नको. आमेन.