कागद सापडला पाहिजे : संगणकाकडून होणारी सूची

दादर येथील मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९८ साली झाली. अशा जुन्या ग्रंथालयांत वाचकाला कपाटाकडे जाण्यापूर्वी सूचीकडे वळावे लागे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची १९४३ साली प्रसिद्ध केली, ती एकेक नोंद हाताने करूनच. आज संगणक हजारो कागदांची सूची काही क्षणांत करतो. मात्र तो ती कशी करतो, हे ठाऊक नसल्यास त्याच सूचीमुळे दिशाभूलही होऊ शकते.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपले अभिलेख रीतसर सूचीबद्ध ठेवण्याचे बंधन घातले आहे. संकेतस्थळावर असलेला पण न सापडणारा कागद नागरिकाच्या दृष्टीने नसल्यासारखाच होय. त्यासाठी सरपंचाला किंवा मुख्याध्यापकाला मुंबईची खेप करावी लागली, तर तो खर्च सूचीच्या अभावाचा असतो.

सूचीचे तीन प्रकार

मार्गदर्शिका, अर्जांचे नमुने, नेहमीच्या शंकांची उत्तरे अशा साहाय्यक फाइली संकेतस्थळाच्या एका फोल्डरमध्ये ठेवलेल्या असतात. त्यांची यंत्राने करावयाची सूची तीन प्रकारची असते.

पहिल्या प्रकारात संगणक केवळ फाइलीचे नाव, तारीख व आकार यांची यादी देतो. नाव निरर्थक असल्यास यादीही निरर्थक ठरते. मंत्रालयातून निघणाऱ्या शासन निर्णयांना संगणक संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक वर्ष, महिना व दिवस दर्शवितात आणि शेवटचे दोन अंक विभाग दर्शवितात. कागदाची ओळख पटविण्यास ही पद्धत उत्तम आहे. परंतु निर्णय विहिरींसंबंधी आहे की शाळांसंबंधी, हे त्या अंकांवरून कळत नाही.

दुसऱ्या प्रकारात संगणक प्रत्येक फाइल उघडून तिचे शीर्षक वाचतो व शीर्षकांची यादी करतो. तिसऱ्या प्रकारात तो मजकुरातील प्रत्येक शब्द टिपून घेतो आणि तो कोणकोणत्या फाइलींत, कोठे आला आहे, याची नोंद ठेवतो. पुस्तकाच्या शेवटी असणाऱ्या शब्दसूचीचेच हे विस्तृत रूप होय. नवी फाइल येताच ही नोंद आपोआप वाढविण्याची व्यवस्था करता येते.

मराठीच्या अडचणी

येथे मराठीचे काही खास प्रश्न उभे राहतात. मराठीत शब्द विभक्तीबरोबर रूप बदलतो. ‘विहीर’ शोधणाऱ्याला ‘विहिरीचे अनुदान’ असा मजकूर साध्या शब्दसूचीत सापडत नाही, कारण ‘ही’ची ‘हि’ झालेली असते. ‘पाणी’ आणि ‘पाण्याचा’ यांचेही तसेच. जुन्या कागदांत ‘गांव’, ‘नांव’ अशी रूपे आढळतात; १९६२ च्या लेखननियमांनंतर ती ‘गाव’, ‘नाव’ अशी लिहिली जाऊ लागली. यंत्राच्या लेखी हे वेगवेगळे शब्द आहेत.

दुसरा प्रश्न वर्णक्रमाचा. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडच्या क्रमांकांत मात्र तो ‘व’च्या आधी आहे. त्यामुळे केवळ क्रमांकांनुसार लावलेल्या यादीत काळबादेवी व काळाचौकी ही नावे कासारवाडीच्या आधी येतात. मराठी वाचक ती नंतर शोधतो आणि न दिसल्यास नाहीतच असे समजतो. ‘क्ष’ व ‘ज्ञ’ यांनी आरंभ होणाऱ्या शब्दांचीही अशीच गत होते. मराठी वर्णक्रमाची योजना निवडली असता हा दोष दूर होतो.

तिसरा प्रश्न सर्वांत मोठा आहे. यंत्राने छायाचित्रासारखा टिपलेला कागद संगणकाला नुसते चित्र वाटतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत छापलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसला, तरी यंत्र त्यात भलतीच अक्षरे वाचते.

कार्यालयांनी काय करावे

यावर काही साधे उपाय आहेत. मजकूर युनिकोडमध्येच तयार करावा. फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस व शेवटी विषय लिहावा, म्हणजे साधी यादीही कालक्रमाने लागते. प्रत्येक फाइलीस बोलके शीर्षक द्यावे. त्याखाली चार-पाच विषयशब्द मूळ रूपात लिहावेत व त्यांत लोकांच्या तोंडचा शब्दही घ्यावा. कार्यालय ‘अधिवास प्रमाणपत्र’ म्हणते, पण अर्जदार ‘डोमिसाईल’ शोधतो.

याहून महत्त्वाची एक दक्षता आहे. रद्द झालेला आदेश आणि चालू आदेश यांतील भेद शब्दसूचीला कळत नाही. दोहोंत तोच शब्द असल्याने ती दोन्ही पुढे करते. रद्द आदेशावरून एखाद्या लाभार्थ्यास नकार मिळाला, तर दोष यंत्राला देता येणार नाही. म्हणून नवा आदेश येताच जुन्याच्या शीर्षकातच ‘अधिक्रमित’ असे नोंदवून नव्याचा संकेतांक द्यावा.

वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत सांगून ठेवले आहे. कपाटे जाऊन संगणक आले, तरी ते सूत्र बदललेले नाही. सूची करण्याचे कष्ट यंत्रावर सोपवावेत. पण कोणता कागद कोणाच्या कामाचा, हे ठरविण्याची जबाबदारी आपलीच राहते.