आज्ञावलीतील टीप : ‘काय’पेक्षा ‘का’ महत्त्वाचे

मुक्त स्रोत आज्ञावली कोणासही वाचता व सुधारता येते. तीत माणसांसाठी लिहिलेल्या टिपा संगणक वगळतो. वाचणाऱ्याचा मात्र सारा भरवसा त्यांवर असतो. २००६ साली व्हॅलग्रिंड या तपासणी-साधनाच्या इशाऱ्यांमुळे डेबियन प्रणालीतील ओपनएसएसएलच्या दोन ओळी निष्क्रिय करण्यात आल्या. त्यांपैकी एक निरुपद्रवी होती. दुसरीवर मात्र सांकेतिक किल्ल्यांची यादृच्छिकता अवलंबून होती. तसे सांगणारी टीप तेथे नव्हती. परिणामी एकाच प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्यांचे जेमतेम ३२,७६८ पर्यायच उरले! मे २००८ मध्ये दोष उघड झाल्यावर त्या काळातील किल्ल्या बदलाव्या लागल्या. ओळ काय करते, हे जाणकारास ओळीवरूनच कळते. कार्यालयीन टिपणीप्रमाणे येथेही कारण हवे असते. ‘येथे यादृच्छिक माहिती मिसळली जाते, ही ओळ काढल्यास किल्ल्या ओळखता येतील’ एवढी टीप पुरली असती.