नळावरील झडप : तिची अंगे व कार्य

शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ सालापासून ठाणे जिल्ह्याच्या भूमीवरून नळांवाटे मुंबईस जात आहे. त्या प्रचंड नळांवर काय आणि उल्हासकाठच्या मळ्यातील चार इंची नळावर काय, पाणी अडविण्याचे काम झडपच करते. खेड्यात तिला ‘वॉल’ म्हणतात.

नळावर सामान्यतः पाचरीची झडप आढळते. तिचे अंग बिडाचे असून दोन्ही तोंडांच्या फ्लँजा बोल्टांनी नळास जोडलेल्या असतात. सांध्यात रबरी गास्केट असते. वरचे झाकण म्हणजे बॉनेट. हातचक्र फिरविले की आटे पाडलेल्या दांड्याच्या योगे आतील पाचर वर सरते वा खाली उतरून दोन कड्यांच्या बैठकीत घट्ट बसते. दांडा बॉनेटमधून बाहेर येतो तेथे पाणी झिरपू नये म्हणून ग्रॅफाइट लावलेली दोरी भरून वरून ग्लँड आवळतात. तेथून थेंब गळू लागल्यास ग्लँडचे दोन्ही नट आळीपाळीने पाव पाव फेरा आवळावेत. एकच नट आवळला तर ग्लँड तिरपी बसून दांडा घासतो. तरीही गळती न थांबल्यास पंप बंद करून, नळ रिकामा करून नवी दोरी भरावी.

पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ होते. गाळ व वाळू बैठकीत साचली की पाचर पुरती बसत नाही. अशा वेळी चक्रात पहार अडकवून जोर लावण्याचा मोह पुष्कळांस होतो. त्यात दांडा वाकतो आणि ऐन हंगामात पाणी बंद पडते. झडप किंचित उघडावी, वेगवान धारेने गाळ वाहून जाऊ द्यावा व मग पुन्हा मिटावी. मात्र पाणी कमीजास्त करण्यासाठी ही झडप नित्य अर्धवट उघडी ठेवू नये; पाचर थरथरते व तिची कड झिजते. त्या कामास ग्लोब झडप योग्य होय.

सर्वांत मोठा धोका घाईचा. लांब लोखंडी नळात सेकंदास १ मीटर वेगाने वाहणारे पाणी एकाएकी अडविल्यास सुमारे १०० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका जादा दाब क्षणभर उत्पन्न होतो. नळ फुटतात ते पुष्कळदा यामुळेच. म्हणून चक्र सावकाश, विशेषतः शेवटचे फेरे अगदी हळू फिरवावेत.

न वापरलेली झडप गंजून बसते. ती महिन्यातून एकदा पूर्ण मिटून उघडावी, आणि पुरती उघडल्यावर चक्र अर्धा फेरा मागे घ्यावे, म्हणजे दांडा अडकत नाही.