ख्मेर शिकायला पैसे भरण्याआधी

कंबोडियातल्या अंकोरला जाण्यापूर्वी तिथली ख्मेर भाषा थोडी यावी म्हणून आम्ही नागपुरातल्या एका वर्गाचं शुल्क आगाऊ भरलं. ‘मराठी-ख्मेर शब्दसंग्रह’ म्हणून हाती पडली स्पायरल बाइंडिंगची झेरॉक्स. सगळे शब्द देवनागरीत, मूळ लिपीचं एक अक्षर नाही. विचारलं तर सर म्हणाले, “पाली येते ना तुम्हाला? मग अर्धी ख्मेर आलीच!”

सियाम रीपच्या बाजारात फळं घेतल्यावर मी वहीतलं ‘खॉप खुन’ म्हणून आभार मानले. सुट्टे पैसे मोजणारा बाईंचा हात थांबला. शेजारच्या पोराने इंग्रजीत सांगितलं, हे थाई झालं, आम्ही ‘ऑकुन’ म्हणतो. प्रेआ विहेअर मंदिर कंबोडियाचं, असा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1962 मध्येच दिला, तरी थायलंड आणि कंबोडिया या दोन देशांतला सीमेचा तंटा मिटलेला नाही. आणि मला तिथे थाई बोलायला लावलं! रात्री आकडे तपासले. नुंग, साँग, साम. तेही थाई. ख्मेर आकडे मुओय, पी, बेइ, बुओन, प्राम असे आहेत आणि सहाला पाच-एक, म्हणजे ‘प्राम मुओय’ म्हणतात. थाईसारखे सूर ख्मेरला नाहीतच, वहीत मात्र शब्दाशब्दावर सुरांच्या खुणा.

परतल्यावर सरांना फोन केला. “सहलीला गेला होतात की परीक्षेला?” एवढंच उत्तर. पैसे नाहीत, दिलगिरीही नाही. माझा राग अजून गेलेला नाही.

ज्यांना शिकायचंय त्यांनी ख्मेर लिपी नसलेला शब्दसंग्रह हातात धरू नये. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे, क ख ग घ ङ. पण व्यंजनांचे दोन गट आहेत आणि एकच स्वरचिन्ह गटागणिक वेगळं वाचतात. ‘ग’च्या जागचं अक्षर ‘क’सारखं उच्चारतात, त्यामुळे आपला गुरू तिथे ‘क्रू’ होतो. देवनागरी वहीतून हे कळणार कसं? पालीवरही विसंबू नका. पाली-संस्कृत शब्द भरपूर असले तरी भाषेचं कूळ ऑस्ट्रोआशियाई आहे. आपल्या मेळघाटातली कोरकू तिची दूरची नातलग.

मराठीतून चांगला कोश मला मिळाला नाही. इंग्रजी चालत असेल तर रॉबर्ट हेडली यांचा 1977 चा कोश आणि फ्रँकलिन हफमन यांची पुस्तकं बघा. रोज थोडं ऐका, घाई करू नका. आणि शुल्क भरण्याआधी वर्गाच्या वहीतले एक ते दहा आकडे कोशाशी ताडून पाहा. जुळले नाहीत तर तिथूनच उठा.