शिंगटीच्या तोंडातली निळी रेघ

टाकीत एकाही माशाचं प्रेत सापडलं नाही, म्हणून पहिले चार दिवस मी आमच्या मांजरीवर आळ घेतला. दहा निऑन टेट्रा आणले होते, पाचव्या सकाळी मोजले तर चार.

पौडच्या पुढे, ताम्हिणीच्या रस्त्याला लागून आमचं घर. मुलाच्या वाढदिवसाला पुण्याहून तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी आणली. हिशेबाने सव्वाशे लिटर पाणी. निऑनबरोबर दोन एंजल, चार टायगर बार्ब, दोन गोल्डफिश आणि बोटाएवढा चंदेरी ‘टायगर शार्क’. दुकानात विचारलं होतं, “हे सगळे एकत्र राहतील ना?” “राहतात की ताई, आमच्याकडे राहतातच!” खोटं नव्हतं ते. दुकानात मासा चार दिवसांचा पाहुणा असतो, आणि वयाने पोर असतो.

त्यात पहिला पाऊस पडला. मुलाने पोरांबरोबर ओढ्यावर जाऊन चढणीचे मासे आणले: तीन शिंगट्या, दोन मळ्या. (अंडी घालायला वर निघालेले मासे धरू नयेत, हे शहाणपण मला उशिरा आलं.) तेही त्याच टाकीत सोडले. आपल्याच ओढ्याचे गरीब मासे, ते कुणाला काय करणार!

शेजारच्या मामांनी धरणावर जाळी टाकण्यात आयुष्य घालवलंय. टाकीपुढे उभे राहून ते हसले. “ताई, शिंगटी रातची चरती. दिवसा बघून काय कळणार?” त्या रात्री मी दिवे मालवून अकराला उठले आणि टॉर्च मारला. दिवसभर दगडाआड पडून राहणारी शिंगटी मिशा फिरवत तळावर गस्त घालत होती आणि तिच्या ओठातून निळी रेघ चमकत होती. सातवा निऑन. मांजरीची माफी मागायची राहूनच गेली.

तेव्हापासून कुठलाही मासा घेताना मी आधी त्याचं तोंड बघते. जे तोंडात मावतं ते मासा आज ना उद्या खातो. त्याला राग आलेला नसतो, भूक आवरत नाही असंही नसतं, समोर आलेलं गिळणं हा त्याचा धर्म. एंजल आणि निऑन दोघेही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, पाणी दोघांना सारखंच मानवतं, म्हणून पुष्कळ जण बिनघोर एकत्र ठेवतात. पण वाढलेला एंजल लहान निऑन गिळतो. पाणी जुळलं म्हणजे शेजार जुळला असं नाही. आणि तोंड मोजायचं ते आजचं नव्हे, पूर्ण वाढीचं.

टायगर बार्बची गोष्ट वेगळी. तो गिळत नाही, कुरतडतो. माझ्या एंजलचे लांब पर महिन्याभरात फणीसारखे झाले. या माशाला आपला जमाव लागतो. आठ-दहा असले की आपसातच पाठलाग करत बसतात, चारच ठेवले की शेजाऱ्यांच्या मागे लागतात. तरीही लांब परांचा मासा त्यांच्याबरोबर नकोच.

गोल्डफिशला गार पाणी सोसतं, एंजलला सव्वीस-सत्तावीस अंश हवेत. डिसेंबरात मुळशीच्या पहाटे एंजल कोपऱ्यात गोठून बसायचा आणि गोल्डफिश मजेत. हीटर लावला की उलटं. शिवाय गोल्डफिश घाण फार करतो. त्या घाणीतून अमोनिया होतो, तो पचवणारे जिवाणू नव्या फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही टाकी आणली त्याच संध्याकाळी सगळं बिऱ्हाड आत सोडलं होतं.

मळ्यांनी तर माझी झोप उडवली. मळ्याच्या तोंडाखाली चकतीसारखा भाग असतो, त्याने तो वाहत्या ओढ्यात दगडाला घट्ट धरतो. खळाळत्या, गार पाण्यात हवा भरपूर असते. आमच्या टाकीत तो काचेला चिकटून धापा टाकायचा. जुलैत वादळाने रात्रभर लाईट गेली, एअर पंप बंद पडला, सकाळी दोन्ही मळ्या गेलेले. त्याच आठवड्यात नळाच्या पाण्याला टीसीएल पावडरचा वास येत असताना मी अँटी-क्लोरीन न घालता निम्मं पाणी बदललं. उरलेसुरले निऑन आणि एक एंजल त्यात गेले. चूक सर्वस्वी माझी. पाणी वासावरून तरी ओळखायचं!

या मळ्या-शिंगट्यांना जगाच्या शास्त्रात आपल्याच बोलीतली नावं आहेत. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांचं वर्णन केलं तेव्हा ‘मुल्या’, ‘सींगटी’, ‘खुद्री’ ही इथली नावंच जातींना लावली. यातला खुद्री म्हणजे आपला दख्खनी महसीर. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात त्याची पैदास झाली आणि पिल्लं देशभरच्या नद्यांत सोडली गेली, कावेरीतही. कावेरीत आधीपासून स्वतःचा कुबडा महसीर होता. तो आता अतिसंकटग्रस्त आहे, आणि धरणं, वाळूउपसा यांच्याबरोबरच आपल्याकडून गेलेल्या या चुलतभावाकडेही अभ्यासक बोट दाखवतात. काचेच्या टाकीत माझे दहा निऑन गेले. नदीत हीच चूक झाली तर मोजायला कोण बसणार?

हे आठवायचं कारण तो टायगर शार्क. वर्षात तो हातभर झाला, वळताना काचेवर आपटू लागला. मूळचा मेकाँग नदीतला हा मासा मीटरभराच्या वर वाढतो. हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो तो बहुधा हाच. मुलगा म्हणाला, “आई, धरणात सोडू या, मजेत राहील.” मामा शेजारी होते, त्यांनीच त्याला गप्प केलं. “चिलापी अशीच आली रं. आता जाळ्यात दुसरं काय येतंय?”

तेव्हा टाकीतला मासा धरणात, ओढ्यात, विहिरीत सोडू नका. ओढ्यातून आणलेलाही एकदा दुकानच्या माशांबरोबर राहिला की परत सोडू नका, रोग त्याच्याबरोबर जातो. शिंगट्या म्हणूनच अजून आमच्याकडे आहेत, वेगळ्या टाकीत, एकट्या. घेण्याआधी दुकानदाराला ‘एकत्र राहतील का’ असं विचारू नका. विचारा, हा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, किती जणांत राहतो, कसलं पाणी लागतं, आणि रात्री काय करतो. उत्तर आलं नाही तर मासा न घेता घरी या.

टायगर शार्क दुकानदाराने परत घेतला. पैसे दिले नाहीत.