पेलेट: आमिषाआधी अन्न

ब्रिटनमध्ये गोड्या पाण्यातील गळाच्या मासेमारीचे दोन पंथ मानले जातात: सॅमन आणि ट्राउट यांच्यामागे जाणारी 'गेम फिशिंग' आणि कार्प, टेंच, ब्रीम, रोच, चब, बार्बेल आदी माशांची 'कोर्स फिशिंग'. या दुसऱ्या पंथात पकडलेला मासा सहसा खाण्यासाठी नेला जात नाही. तो वजन करून किंवा न करताच पाण्यात परत सोडला जातो. त्यामुळे एकच कार्प आयुष्यात अनेकदा गळाला लागतो, अनेकांनी टाकलेले खाद्य खातो आणि त्या खाद्याच्या बऱ्यावाईट परिणामांसह त्याच तळ्यात जगत राहतो. पेलेट वापरू पाहणाऱ्याने ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी, कारण पेलेटच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका मासा न लागण्याच्या नसून त्याला नको ते आणि नको तितके खाऊ घालण्याच्या असतात.

पेलेट म्हणजे मासळीची भुकटी, धान्याचे पीठ, तेल व जीवनसत्त्वे यांच्या मिश्रणातून यंत्राने पाडलेली कोरडी गोळी. ती गळासाठी जन्मलेली नाही. आयझॅक वॉल्टन याने १६५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कार्पसाठी गांडुळे आणि मळलेल्या गोळ्यांचा विचार केलेला आहे, आणि १९५२ साली रिचर्ड वॉकर यांनी रेडमायर तळ्यात ४४ पौंडी कार्प पकडला तोही पावाच्याच आमिषावर. म्हणजे दीर्घकाळ आमिष हे स्वयंपाकघरातून किंवा मातीतून येत होते. पेलेट मात्र ट्राउट आणि पुढे हॅलिबट यांच्या मत्स्यशेतीतून तळ्याकाठी आले. ज्या अन्नावर मासा थोडक्या काळात वाढवून विकायचा, ते अन्न सोडून द्यायच्या माशापुढे टाकले जाऊ लागले, आणि या प्रवासात त्याचा मूळ हिशेब, म्हणजे माशाच्या वजनाच्या व पाण्याच्या तापमानाच्या प्रमाणात रोज मोजून खाद्य देण्याची शिस्त, मागे राहिली.

पेलेटचे प्रकार दुकानात रंगावरून आणि वासावरून ओळखले जातात, पण महत्त्वाचा भेद तेलाचा आहे. हॅलिबट पेलेट काळपट, चकचकीत आणि तेलकट असते; थंड समुद्रातल्या मांसाहारी माशासाठी बनवलेले असल्याने त्यातील तेलाचे प्रमाण पुष्कळदा २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. कोर्स पेलेट या नावाने मिळणाऱ्या गोळीत तेल बरेच कमी आणि धान्याचा अंश जास्त असतो. कार्प, म्हणजे महाराष्ट्रातील धरणांत आणि शेततळ्यांत 'सायप्रिनस' म्हणून ओळखला जाणारा मासा, हा सर्वभक्षी आहे. रोहू आणि कटला यांच्याप्रमाणेच त्याला खरे जठर नसते. घशातील दातांनी चिरडलेले अन्न तो सरळ आतड्यात ढकलतो, आणि अन्न साठवून सावकाश पचवण्याची सोय नसल्याने थोडेथोडे, वारंवार खाणे हीच त्याच्या शरीराची रीत असते. शिवाय मासा शीतरक्ती असल्यामुळे त्याच्या पचनाचा वेग पाण्याच्या तापमानाबरोबर चढतो आणि उतरतो. उन्हाळ्यात २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात जी मूठभर पेलेट तासाभरात फस्त होते, तीच हिवाळ्यात ६ अंशांच्या पाण्यात तळाशी पडून राहते, आणि खाल्ली गेली तरी तिच्यातील तेल माशाला नीट वापरता येत नाही. म्हणून अनुभवी लोक पाण्याचे तापमान साधारण १० अंशांखाली गेले की तेलकट पेलेट घरीच ठेवतात आणि कमी तेलाची, लहान, लवकर विरघळणारी गोळीच काढतात. हिवाळ्यात मासा चवीला भुलत नाही म्हणून वास वाढवावा, तेल वाढवावे, असा जो सल्ला अधूनमधून दिला जातो, तो नेमका उलट्या दिशेचा आहे.

प्रमाणाची चूक याहून सार्वत्रिक आहे. १९८० च्या दशकापासून इंग्लंडमध्ये खासगी, पैसे भरून मासेमारी करायची लहान तळी मोठ्या संख्येने खोदली गेली आणि त्यांत कार्प दाटीने सोडले गेले. अशा तळ्यावर सुटीच्या दिवशी वीस जण बसले आणि प्रत्येकाने केवळ एक किलो पेलेट फेकले, तरी दिवसाला वीस किलो मासळीची भुकटी आणि पीठ पाण्यात जाते. खाल्लेल्या भागातील प्रथिनांचा नत्र माशाच्या कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन बाहेर पडतो, न खाल्लेला भाग तळाशी कुजताना प्राणवायू ओढून घेतो, स्फुरदावर शेवाळ पोसले जाते, आणि ते शेवाळ रात्री स्वतः श्वसन करत असल्याने पहाटेच्या सुमारास पाण्यातील प्राणवायू सर्वांत खाली येतो. उन्हाळ्यातील उकाड्याच्या पहाटे पृष्ठभागावर तोंड वासून श्वास घेणारे मासे दिसतात, त्यामागे पुष्कळदा आदल्या आठवड्यांची ही उदारताच असते. याच कारणाने अनेक तळ्यांवर केवळ तिथेच विकले जाणारे पेलेट वापरण्याचा आणि दिवसाला ठरावीक पिशवीच वापरण्याचा नियम असतो. हा नियम मालकाच्या गल्ल्यासाठी आहे अशी कुजबुज काठावर नेहमी चालते, आणि ती अगदीच निराधार नसेलही. पण तळ्यात किती तेल आणि किती प्रथिने जातात हे एका हाताला कळण्याचा दुसरा सोपा मार्ग नाही.

अतिरेकाचा तोटा गळ टाकणाऱ्यालाही होतो आणि तो ओळखता येतो. पाण्यावर तरंगणारा फ्लोट सारखा थरथरतो, आडवा सरकतो, पण ओढल्यावर गळ रिकामाच येतो किंवा माशाच्या पोटाला, पराला अडकून येतो. याचा अर्थ मासे खाली भरपूर आहेत, मात्र ते आमिष उचलत नसून दोरीला घासून जात आहेत. शेकडो गोळ्यांच्या पसाऱ्यात गळावरची एक गोळी त्यांच्या वाट्याला येत नाही. नवखा माणूस अशा वेळी चावा मिळत नाही म्हणून आणखी मूठभर टाकतो आणि खोलात जातो. खरा उपाय हात थांबवण्याचा आहे: उन्हाळ्यातही सुरुवातीला चार मिलिमीटरच्या दहाबारा गोळ्या, मग मासा लागल्यावर तेवढ्याच पुन्हा, आणि हिवाळ्यात तर बोटांवर मोजता येतील इतक्याच. खाद्य टाकायचे ते मासा आल्यावर, मासा यावा म्हणून नव्हे, हे सूत्र थंड पाण्यात जवळजवळ निरपवाद खरे ठरते.

तयारीच्या बाबतीत थोडक्यात सांगता येईल. दोन मिलिमीटरची 'मायक्रो' पेलेट, म्हणजे फीडर नावाच्या वजनदार साच्याभोवती दाबून बसवायची बारीक गोळी, पाण्यात बुडवून दर मिलिमीटरला सुमारे एक मिनिट या अंदाजाने ठेवावी, मग पाणी पूर्ण निथळून झाकून ठेवावी, म्हणजे उरलेला ओलावा ती आत ओढून घेते आणि मुठीत धरल्यावर चिकटते; जास्त भिजली तर तिचा लगदा होऊन साच्यावरून ती पाण्यात पडण्याआधीच सुटते. 'एक्सपँडर' ही फुगवलेली, हवेने भरलेली गोळी असल्याने मुळात तरंगते. पंप लावलेल्या डब्यात पाण्यासह ठेवून तिच्यातील हवा ओढून काढली की झडप सोडताच ती बुडते, मऊ होते आणि थेट गळावर टोचता येते. एखाददुसरी गोळी पाण्यात टाकून ती बुडते की नाही हे पाहिल्याशिवाय डबा बाजूला ठेवू नये.

कडक पेलेट गळावर टोचता येत नाही, ती फुटते. तिच्याभोवती लहान रबरी कडे चढवतात, किंवा तिला भोक पाडून गळाच्या मागे लोंबणाऱ्या बारीक दोऱ्यावर, ज्याला 'हेअर रिग' म्हणतात, तिला ओवतात. लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी १९८० च्या सुमारास पुढे आणलेल्या या रचनेत गळ उघडा राहतो. संशय आल्यावर कार्प आमिष थुंकू पाहतो आणि तेव्हाच गळ त्याच्या ओठात रुततो. रचना इतकी परिणामकारक आहे की तिच्याबरोबर जबाबदारी येते. दोर तुटला तर शिसे आपोआप सुटून पडेल अशीच जोडणी असावी, अन्यथा मासा जड वजन ओढत फिरतो आणि वनस्पतीत अडकून मरतो. काटा नसलेले गळ, मासा ठेवण्यासाठी ओली गादी आणि मऊ जाळी यांबाबत कोणतीही सवलत घेऊ नये.

नदीचा हिशेब निराळा आहे. इंग्लंड आणि वेल्समधील नद्यांवर १५ मार्च ते १५ जून ही कोर्स मासेमारीची बंदी असते, आणि ती उठल्यावर बार्बेलच्या मागे लागणाऱ्यांच्या हातात आज मुख्यतः हॅलिबट पेलेट दिसते. वाहत्या पाण्यात हाताने फेकलेले खाद्य गळापासून कितीतरी खाली जाऊन बसते, आणि मासेही त्याच्यामागे खाली सरकतात. म्हणून ते पाण्यात विरघळणाऱ्या पीव्हीए पिशवीत गळालगत बांधावे. पेलेट कोरडेच भरावे, ओले भरल्यास पिशवी हातातच विरघळते. बार्बेल शेवटपर्यंत झुंजतो आणि उन्हाळ्यातील कोमट, कमी प्राणवायूच्या पाण्यात पार थकतो. त्याला लगेच सोडणे ही दया नव्हे. जाळीतच प्रवाहाकडे तोंड करून, स्वतःच्या बळावर निसटू पाहीपर्यंत धरून ठेवावे लागते, आणि छायाचित्राचा मोह त्या वेळेतून वजा करावा लागतो.

दिवस संपल्यावर उरलेले पेलेट तळ्यात उलटून रिकामा डबा घरी नेण्याची सवय सर्वांत जुनी आणि सर्वांत निष्काळजी आहे, कारण ती मासे खात नसलेल्या क्षणी सर्वांत मोठा ढीग टाकते. उरलेले कोरडे पेलेट हवाबंद डब्यात थंड जागी परत जावे. भिजवलेले, खवट वासाचे किंवा बुरशी धरलेले कचऱ्यात जावे, कारण आंबलेले तेल माशालाही अपायकारक असते. काठावर सांडलेल्या गोळ्यांकडे उंदीर येतात, आणि उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस, जो कोकणातील भातशेतीत आणि मुंबईच्या तुंबलेल्या पाण्यात मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे, ब्रिटिश तळ्याकाठीही 'वाइल्स डिसीज' या त्याच्या गंभीर रूपात ओळखला जातो. हातावरची खरचटलेली जागा झाकावी, जेवणाआधी हात धुवावेत, आणि मासेमारीनंतरच्या काही आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणे किंवा डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना पाण्याशी आलेला संबंध न विचारताही सांगावा.