कडी आणि भिंत

घरात बसला असाल तर जरा वर पाहा. सोलापूर-लातूरकडची जुनी घरे माळवदाची. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यावर मातीचा थर. माडीची जमीनही अशीच, कड्यांवर फळ्या घालून केलेली. कडीचे टोक भिंतीत गेलेले दिसते. आपल्याला वाटते, आत गेले म्हणजे पक्के झाले. तसे नाही. ते नुसते टेकलेले असते.

टेकणे वेगळे, बांधणे वेगळे. हे करून पाहा. एका पाटावर दोन विटा उभ्या करा. वर पाटी ठेवा आणि पाट हलवा. विटा पडतील, पाटी खाली येईल. (पाटी जुनी घ्या. माझी नवी फुटली.) आता पाटी दोन्ही विटांना सुतळीने आवळून बांधा. पाट पुन्हा तेवढाच हलवा. एक वीट कलली की दुसरी तिला ओढून धरते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना, किल्लारीला भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसे दमून झोपली होती. भिंती दोन-तीन फूट जाडीच्या, दगडमातीच्या. वर मातीचे जड माळवद. काही घरांत लाकडी खांब उभे राहिले, पण भिंती ढासळल्या, कारण खांबाने भिंतीला कुठे धरलेलेच नव्हते. सरकारी हिशेबाने आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. पुष्कळ जण त्याच दगडांखाली सापडले.

मग कडी बांधायची कशी? भिंतीवर आधी एक लांब लाकूड आडवे घालावे. कड्या त्यावर बसवून खिळ्यांनी ठोकाव्या. फळ्याही प्रत्येक कडीला ठोकाव्या, म्हणजे सगळी जमीन एका पाटासारखी होते. मग लोखंडी पट्टीचे एक टोक कडीला ठोकायचे, दुसरे भिंतीतून आरपार नेऊन बाहेर लोखंडी तुकडा घालून अडकवायचे.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. खोलीला भिंती चार, पण कड्या टेकतात दोनच भिंतींवर. उरलेल्या दोन भिंती कड्यांना समांतर जातात. त्यांना कोणीच धरत नाही आणि त्या बाहेर कलंडतात. तिथे पट्टी आडवी न्यावी, निदान तीन कड्यांवरून. कड्यांच्या मधल्या जागेत लाकडाचे ठोकळे घट्ट बसवावे. अशा पट्ट्या पाच-सहा फुटांवर हव्यात. नवीन घर बांधत असाल किंवा भूकंपाचा भाग असेल, तर इंजिनियरला विचारूनच अंतर ठरवा. गवंडी "चालतंय की" म्हणेल, तेवढ्यावर जाऊ नका.

पट्टी कितीही चांगली असली तरी लाकूड कुजके असेल तर खिळा धरत नाही. कडी कुजते ती भिंतीतल्या टोकाकडून. तिथे ओल जाते, वारा लागत नाही, वाळवी येते. म्हणून टोकाला डांबर लावावे आणि त्याच्याभोवती बोटभर मोकळी जागा ठेवावी. मातीने लिंपून बुजवू नये.

पावसाळा संपला की भिंतीलगत कडीला सुरी टोचून पाहावी. आमच्या माडीच्या दोन कड्या वरून चकचकीत होत्या. सुरी मुठीपर्यंत आत गेली. त्याच माडीवर आम्ही ज्वारीची पोती ठेवत होतो आणि खाली आई झोपत असे.